तेल पाजलेला दगड

सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे हॅम्बर्गला राहायला आल्या, तेव्हा मोठ्या बॅगेत दोन जुन्या साड्यांत गुंडाळून त्यांनी स्वतःची विळी आणली होती. मिटवता येणारी, लाकडी पाटाची, टोकाला खोबरं खवायची दातेरी चकती असलेली. विमानतळावर कुणीच बॅग उघडून पाहिली नाही याचं माझ्या नवऱ्याला आश्चर्य वाटलं. सासूबाईंना त्याच्या आश्चर्याचं आश्चर्य वाटलं. "मग भाजी कशावर चिरायची?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "आई, घरात सुऱ्या आहेत की. चांगल्या धारेच्या आहेत."

"असतील. पण उभ्याने चिरायला मला जमत नाही."

तेवढ्यावर विषय संपला. पहिल्याच सकाळी त्यांनी ओट्याशेजारी फरशीवर बैठक मारली आणि मटार, फरसबी, गाजर असं समोर घेऊन त्या चिरायला बसल्या. मला ते पाहून बरंच वाटलं. आमच्या त्या पांढऱ्या, गुळगुळीत, हॉटेलच्या खोलीसारख्या स्वयंपाकघरात कुणीतरी जमिनीवर बसलंय हे दृश्य चांगलं होतं.

सुऱ्यांना धार मी स्वतः लावते. हा नाद मला पीएचडी करताना लागला. तेव्हा राहायचे त्या सामायिक फ्लॅटमध्ये एकही सुरी धड नव्हती. टोमॅटो कापायला घेतला की चेचला जायचा. वैतागून मी फोल्क्सहोखशुलेत, म्हणजे मोठ्या माणसांच्या शिकवणीवर्गात, धार लावायचा कोर्स केला. तेव्हापासून माझ्याकडे दोन दगड आहेत. एक तपकिरी, खरखरीत. दुसरा लोण्याच्या रंगाचा, इतका बारीक की गालावर फिरवला तरी टोचू नये. दोन्ही पाण्यावर चालणारे. धार लावायच्या आधी त्यांना पाण्यात बुडवायचं, बुडबुडे थांबेपर्यंत तसंच ठेवायचं. धार लावून झाली की वर साठलेला लोखंडाचा काळा कीस धुवायचा. मग एका खरखरीत पोलादी पट्टीवर घासून दगड पुन्हा सपाट करायचा, कारण मधोमध घासला जाऊन तो खोलगट होतो आणि खोलगट दगडावर सुरीला कधीच सरळ धार येत नाही. शेवटी पुसून, कडेवर उभा करून, सावलीत वाळवायचा. उन्हात नाही, हीटरवर नाही. ओला डब्यात ठेवला तर या पावसाळी गावात त्याला बुरशी येते.

या सगळ्याला सुरीपेक्षा जास्त वेळ लागतो. नवरा म्हणतो, तू सुऱ्या सांभाळत नाहीस, दगड पाळतेस. म्हणू दे. ऑफिसात दिवसभर मी जे करते ते डोळ्यांना दिसत नाही. दगड सपाट झाला की हाताला कळतं. एवढं एकच काम माझं असं होतं ज्यात कुणाची मीटिंग नव्हती.

जानेवारीत मला ऑफिसच्या कामासाठी काही दिवस दक्षिणेत, गेर्लिंगेनला जावं लागलं. परतीची गाडी नेहमीप्रमाणे उशिरा आली. दुपारी घरात शिरले तर फोडणीचा वास आला आणि माझा प्रवासाचा शीण निम्मा गेला. सासूबाई विळीवर कोबी चिरत होत्या. दोऱ्यासारखा बारीक कोबी विळीखाली पडत होता.

"बघ," त्या म्हणाल्या, "कशी चालतेय. साताऱ्याहून आणली तेव्हा पार बोथट झाली होती. इथे काही धार लावणारा दारावर येत नाही. म्हटलं, सुनेचा दगड आहे ना घरात."

मी बूटसुद्धा काढले नव्हते. तशीच खिडकीकडे गेले. तिथे लाकडी स्टँडवर माझा लोण्याच्या रंगाचा दगड होता. होता म्हणजे, त्याच आकाराचं काहीतरी होतं. मधोमध काळपट, तुळतुळीत डाग पडला होता आणि त्या डागातून बोट बसेल असा चर गेला होता. हात लावला तर बोटाला तेल लागलं.

"आई, याला तेल लावलंत?"

"लावलं म्हणजे? पाजलं. अगदीच कोरडा पडला होता गं तो. थेंब टाकला की पिऊन टाकायचा. शेंगदाण्याच्या तेलाची बाटली जवळजवळ संपली बघ."

त्या खूश होत्या. त्यांनी माझ्या वस्तूची काळजी घेतली होती. मी "बरं" म्हटलं, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून आरशात स्वतःकडे बघत उभी राहिले.

संध्याकाळपासून मी दगडाच्या मागे लागले. भांड्यांचा साबण घालून गरम पाण्यात बुडवला. पाण्यावर तेलाचा तवंग आला. पाणी बदललं, पुन्हा तवंग. जुन्या टूथब्रशने घासला. धुण्याचा सोडा लावून पाहिला. वाळला की वाटायचं निघालं सगळं, आणि पाण्याचा थेंब टाकला की तो मधल्या भागावर मोत्यासारखा गोल बसून राहायचा. चांगला दगड पाणी ओढून घेतो. हा घेत नव्हता.

दुसऱ्या दिवशीही तेच. सासूबाई मागे उभ्या राहून बघत होत्या.

"अगं, डाळीचं पीठ लाव. दिवाळीला अंगाचं तेल कशाने निघतं?"

"नको आई, ते आत जाऊन बसेल."

मी फोनवर बोलायला आत गेले आणि बाहेर आले तर दगडावर बेसनाचा पिवळा लेप होता. तो त्यांनी इतक्या निगुतीने, कडांपर्यंत, सारखा लावला होता की मला ओरडताही आलं नाही. तो लेप काढताना मात्र माझ्या तोंडून जे निघालं ते मी पाण्याच्या आवाजात बुडवलं. बेसन ओलं झालं की त्याची खळ होते, आणि त्या खळीने दगडाची उरलीसुरली भोकंही बुजवली.

शेवटी एकच उपाय होता. वरचा थर घासून काढायचा. दगडावर शिसपेन्सिलीने उभ्याआडव्या रेघा मारायच्या आणि पोलादी पट्टीवर घासायचं. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की समजायचं दगड सपाट झाला. माझ्या रेघा कडेच्या पुसल्या जायच्या, चरातल्या तशाच राहायच्या. पुन्हा रेघा, पुन्हा घासणं. ऑफिस संपलं की मी रोज सिंकपाशी उभी. मनगट भरून यायचं. दगड बारीक होत चालला होता आणि डाग खाली खाली सरकत असल्यासारखा तिथेच होता. इतकं तेल पाजलं होतं त्याला.

मग सिंक तुंबलं. दगडाचा तो करडा चिखल पाण्याबरोबर वाहून जातो असं आपल्याला वाटतं, तो जात नाही. खालच्या वाकड्या पाइपमध्ये जाऊन बसतो आणि सिमेंटसारखा घट्ट होतो. मला हे माहीत होतं. एरवी मी दगड बादलीतच धुते. पण रागाच्या भरात असलेल्या माणसाला बादली आठवत नाही. ओट्याखाली आडवं पडून, टॉर्च दातांत धरून, मी तो पाइप सोडवला. वरून सासूबाई विचारत होत्या, "पोह्यांना पाणी कुठल्या नळाचं घेऊ?"

आमची मुलगी शाळेतून आली, माझे पाय ओट्याखालून बाहेर आलेले पाहिले आणि जर्मनमध्ये बापाला विचारलं, आई कधीपर्यंत तिथे असणार आहे. आम्ही तिच्याशी मराठीत बोलतो, तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं.

पण दगड सुधारला. खरंच सुधारला. एका संध्याकाळी मी मधल्या भागावर पाणी टाकलं आणि ते हळूहळू आत मुरलं. डाग पुसट दिसत होता, पण चर नाहीसा झाला होता. मी दगड स्वच्छ धुतला, स्टँडवर उभा केला आणि त्या दिवशी नीट जेवले.

सकाळी स्टँड रिकामा होता. दगड बाल्कनीत, कठड्याजवळच्या छोट्या टेबलावर ठेवलेला होता. बाल्कनीतल्या कुंडीतली माती पांढरी पडून दगड झाली होती. माझ्या दगडाचे मात्र दोन तुकडे झाले होते. एक मोठा, एक मुठीत मावेल एवढा.

"हा बाहेर कुणी ठेवला?"

नवऱ्याने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "मी. वाळायला. का?"

"रात्रभर बाहेर पाणी गोठत होतं."

"अगं, तूच सांगतेस ना, हीटरवर ठेवायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही. म्हणून सावलीत, गार हवेत ठेवला."

यातला शब्द न् शब्द माझाच होता. मी त्याला काय सांगणार? की ओल्या दगडात भोकाभोकांत पाणी भरलेलं असतं, ते गोठलं की फुगतं आणि दगड आतून फुटतो? ते सांगितलं. तो म्हणाला, "आल्झो, म्हणजे, हे तू आधी कधी सांगितलं नव्हतंस." खरं होतं. घरातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला जानेवारीत ओली वस्तू बाहेर ठेवू नको असं सांगावं लागेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मुलगी येऊन बघून गेली. "डेअर इस्ट कापुट," मोडलाय तो, असा तिने निकाल दिला आणि दप्तर उचलून शाळेला निघाली.

सासूबाई देवापुढून उठून आल्या. तुकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं.

"मी तेल लावलं नसतं तर हे झालंच नसतं, असंच ना?"

"मी तसं म्हटलं नाही, आई."

"म्हटलं नाहीस. तोंडावर आहे तुझ्या."

आणि खरोखर असणारच. इतके दिवस घासल्यावर माझ्या तोंडावर दुसरं काय असणार होतं?

त्या आत गेल्या आणि विळी मिटवून, त्याच साडीत गुंडाळून त्यांनी बॅगेत ठेवली. त्यानंतर घरात जे सुरू झालं ते भांडणापेक्षा वाईट होतं. त्या प्रत्येक गोष्ट विचारायला लागल्या. "हा कांदा घेऊ का गं?" "गॅस लहान करू की राहू दे?" "या डब्यातलं मीठ वापरायचं का ते दुसरं?" आवाजात कुठेही खोच नाही. शाळेत मुख्याध्यापिका होत्या त्या, आवाज कसा ठेवायचा ते त्यांना ठाऊक होतं. मी "घ्या ना आई, विचारता काय" म्हणायचे आणि पाच मिनिटांत पुढचा प्रश्न यायचा. भाजी त्या ओट्याशी उभं राहून, माझ्या सुरीने, जाड जाड चिरायच्या. कंबर धरून. नवरा माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे बघायचे, आणि दोघंही मनातल्या मनात दुसऱ्याने काहीतरी बोलावं याची वाट बघायचो.

रविवारी नवऱ्याला कल्पना सुचली की आईला फेरीबोटीतून फिरवून आणू. लांडुंग्सब्र्युकेनच्या धक्क्यावर वारा असा होता की कान बधिर झाले. मुलगी आणि तो वरच्या डेकवर क्रेन बघायला गेले. आम्ही दोघी खाली, काचेच्या आत, थर्मासमधला चहा मध्ये ठेवून बसलो. बाहेर एल्बे नदीचं पाणी राखाडी होतं. माझ्या बादलीतल्या पाण्याच्याच रंगाचं, असं मनात आलं आणि मला पुन्हा राग आला.

मग सासूबाई काचेतून बाहेर बघतच म्हणाल्या, "आयुष्यभर शाळा चालवली मी. तीनशे पोरं, मास्तर, शिपाई, सगळे मला विचारायचे. इथे कचरा टाकायचा तर नातीला विचारावं लागतं, कुठल्या डब्यात टाकू. रविवारी मिक्सर लावायचा नाही. खिडकी अशी उघडायची, तशी नाही. जिन्यात मोठ्याने बोलायचं नाही. नळ गरम कुठल्या बाजूला होतो तेसुद्धा रोज विसरते. विळीला धार लावताना मला बरं वाटलं होतं. म्हटलं, हे तरी मला येतं."

खरं सांगायचं तर राग गेला नाही. त्यांच्याबद्दल वाईट वाटत होतं आणि दगडाबद्दलही वाटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटत होतं म्हणून स्वतःचीही चीड येत होती.

"येतंच तुम्हाला, आई. दगड वेगळा आहे, एवढंच."

"दगडात काय वेगळं असतं?"

मग मी सांगितलं. हा दगड झिजायलाच बनवलेला असतो. वरचे बोथट कण पाण्याबरोबर निघून जातात, खालचे नवे वर येतात. तेल घातलं की कीस आतच बसतो, दगड झिजत नाही, नुसता चकाकतो. त्या ऐकत होत्या, वर्गात तपासणीला बसल्यासारख्या.

"मग आमच्याकडचा तेलावर कसा चालतो?"

"तो घट्ट असतो. तेल वरच राहतं. हा पिऊन टाकतो."

"तेच तर मी म्हणत होते, पितोय म्हणून." त्या थोड्या हसल्या. मग म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशीच सांगायचं होतंस. नळ सोडून बाथरूममध्ये उभी राहिलीस, मला काय कळलं नसेल?"

मी चहा ओतला.

घरी आल्यावर मीच त्यांना विळी काढायला सांगितली. "काय करायचंय?" "बघू या तरी." स्वयंपाकघरात फरशीवर सुपरमार्केटच्या जाहिरातींचे कागद पसरले, शेजारी पाण्याचा वाडगा ठेवला. विळीचं पातं वाकडं, ते सपाट दगडावर घासलं तर चर पडणारच. पण दगडाचा लहान तुकडा हातात घेऊन पात्यावरून फिरवला तर? सासूबाईंनी पाटावर पाय ठेवून विळी घट्ट धरली आणि मी तुकडा पात्याच्या वळणावरून बुडापासून टोकाकडे नेऊ लागले.

"उलटं नेतेस," त्या म्हणाल्या.

"नाही आई, असंच."

"बोट कापून घेशील. दे इकडे."

"तुम्ही पाय काढू नका, हलतेय."

"पाणी घाल मग. कोरडंच घासतेस."

अशी आमची पुष्कळ बाचाबाची झाली. अर्ध्यात आम्ही जागा बदलल्या. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका चालत होता, पण त्या एकाच जागी जास्त घासायच्या आणि मी सारखी "पुढे, पुढे" म्हणायचे. शेवटी पातं एकसारखं चमकलं. सासूबाईंनी फ्रीजमधून नवलकोल काढला, मला न विचारता, आणि त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या पाडल्या. मी तो करडा चिखल कागदाने निपटून कचऱ्यात टाकला आणि वाडग्यातलं पाणी बाल्कनीतल्या बादलीत ओतलं.

फेब्रुवारीच्या शेवटी त्या परत गेल्या. तो तुकडा त्यांनी मागून घेतला. घरी जाऊन त्याला तेल लावणार नाही असं काही त्या म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

मोठा तुकडा माझ्याकडे राहिला. त्याची फुटकी कड घासून मी गोल केली, पण लांबी कमी पडते. मोठी सुरी फिरवताना मध्येच दगड संपतो आणि हात अडखळतो. पुसट डाग अजून आहे. त्या जागी पाणी आत जायला जरा वेळ लागतो, आणि प्रत्येक वेळी त्या क्षणापुरती मी दात आवळते.

नवऱ्याला मात्र वाटलं की आपण भरपाई केली पाहिजे. एक दिवस तो ऑफिसातून येताना एक डबी घेऊन आला. प्लास्टिकचं, फटीत दोन चाकं बसवलेलं, सुरी नुसती ओढायची असं यंत्र. "यात दगड नको, पाणी नको, चिखल नको," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका फुललेला होता की मी "अरे वा" म्हटलं. मी कपडे बदलून येईपर्यंत त्याने आणि मुलीने मिळून माझी सर्वांत चांगली सुरी त्यातून ओढली होती. दहा वर्षं जिला मी बारीक दगडावर फिरवली, तिच्या पात्यावर दोन्ही बाजूंनी लांबलचक ओरखडे होते.

ते यंत्र परत करायला मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. काउंटरवरच्या बाईंनी पावती मागितली. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, ती त्याने पिशवीबरोबर टाकून दिली, कागदाच्या डब्यात, बरोबर डब्यात. बाईंनी खांदे उडवले. मागे रांग लागली होती. मी यंत्र पर्समध्ये टाकून पावसात बाहेर पडले आणि बसची वाट बघत उभी राहिले.